सलाईनखाली लपलेला आजार

चार-साडेचार वर्षांची कुत्री. दोन दिवस जेवणाकडे ढुंकून बघत नाही, सकाळी पिवळे पाणी ओकते, फिरायला नेली तर कोपऱ्यावरूनच माघारी वळते. घरचे तिला दवाखान्यात नेतात. डॉक्टर पोट चाचपतात, ताप बघतात, रस्त्यावरचे काहीतरी खाल्ले असेल असे म्हणतात. सलाईन लागते, उलटीचे इंजेक्शन होते आणि संध्याकाळी कुत्री शेपूट हलवत गाडीत चढते. दीड महिन्याने घरात पाहुणे येतात, गडबड होते आणि पुन्हा तेच: उलट्या, पातळ शी, अंगात त्राण नाही. पुन्हा सलाईन, पुन्हा दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. तिसऱ्या खेपेला मात्र ती स्वतःच्या पायांनी दवाखान्यात शिरत नाही, तिला उचलून आणावे लागते. हिरड्या पांढऱ्या, पाय गार आणि छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर हृदय संथपणे, जणू काही घडलेच नाही अशा चालीने ठोके देत असते.

जगभरच्या पशुवैद्यकांच्या नोंदींत या आजाराची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच येते. त्याचे नाव ॲडिसनचा आजार. शास्त्रीय भाषेत हायपोॲड्रिनोकॉर्टिसिझम, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथींच्या बाह्य थरातून येणाऱ्या संप्रेरकांचा तुटवडा. तो फार आढळत नाही. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या पाच लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे प्रमाण दर १०,००० कुत्र्यांमागे वर्षाला सुमारे २.३ इतके निघाले. पण यातल्या बऱ्याच कुत्र्यांना योग्य निदान मिळण्याआधी दवाखान्याच्या कितीतरी वाऱ्या कराव्या लागतात. त्याचे एक मोठे कारण चमत्कारिक आहे: या आजारात सलाईन खरोखरच लागू पडते. ज्या उपचाराने कुत्री उठून बसते, त्याच उपचाराखाली तिचा आजार झाकला जातो.

हे कसे घडते ते कळण्यासाठी आधी त्या इवल्याशा ग्रंथी बघायला हव्यात. कुत्र्याच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या जवळ, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून त्या असतात. मूत्रपिंडाला वृक्क म्हणतात, म्हणून मराठी परिभाषेत त्यांचे नाव अधिवृक्क ग्रंथी. लांबी दोन-तीन सेंटिमीटर आणि जाडी साधारण पाऊण सेंटिमीटरच्या आत. आतल्या गाभ्यातून ॲड्रिनलिन येते, ते नाव सगळ्यांच्या परिचयाचे. पण ॲडिसनच्या आजारात बिघाड असतो तो गाभ्याभोवतीच्या सालीत.

ही साल तीन थरांची. अगदी बाहेरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते, मधल्या जाड थरात मुख्यतः कॉर्टिसॉल, तर आतल्या थरात थोडी लैंगिक संप्रेरके. अल्डोस्टेरॉनचे काम मिठाच्या हिशेबाचे. मूत्रपिंडातून लघवी तयार होत असताना ते सोडियम परत रक्तात ओढून घेते आणि जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकायला लावते. कॉर्टिसॉलची ओळख ‘तणावाचे संप्रेरक’ अशी झाली असली तरी ते रोजच्या साध्या जगण्यालाही लागते. रक्तातली साखर उपाशीपोटी टिकवणे, रक्तवाहिन्यांचा ताण राखणे, आतड्याचे अस्तर धड ठेवणे ही त्याची नित्याची कामे. संकटाच्या वेळी, मग ते दुखणे असो, शस्त्रक्रिया असो की फटाक्यांचा आवाज, निरोगी शरीर ते कितीतरी जास्त प्रमाणात सोडते.

बहुतेक आजारी कुत्र्यांमध्ये ही साल त्यांच्याच प्रतिकारशक्तीने कुरतडलेली असते. जंतूंशी लढायच्या पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतात. हे काम महिनोन्महिने चालते आणि बाहेर काही दिसत नाही, कारण निसर्गाने या ग्रंथींत साठा भरपूर ठेवला आहे. सालीचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग गेल्यावरच लक्षणे ठळक होतात. तोपर्यंत कुत्री शांत दिवशी बरी असते आणि अंगावर ताण आला की कोलमडते. पाहुणे, प्रवास, घरबदल, पाळणाघरातले चार दिवस अशा एखाद्या घटनेनंतर दुखणे उफाळते आणि मग ओसरते. हा चढउतार हेच या आजाराचे सर्वांत आधीचे लक्षण आहे.

माणसातल्या या आजाराचे वर्णन पहिल्यांदा केले लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी. या ग्रंथी शरीरात आहेत हे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी सोळाव्या शतकातच दाखवून दिले होते, पण त्या कशासाठी आहेत हे तीनशे वर्षे कोणालाच सांगता येत नव्हते. १८५५ मध्ये ॲडिसन यांनी छोटे पुस्तक काढले. त्यात अकरा रुग्णांची हकिगत होती: न संपणारा थकवा, उलट्या, मंद नाडी आणि कातडीवर चढलेला काशासारखा काळपट रंग. मृत्यूनंतर उघडून पाहिले तेव्हा त्यांच्या या ग्रंथी बिघडलेल्या आढळल्या. त्या काळी क्षयरोग हे त्याचे मोठे कारण होते. पुढच्याच वर्षी चार्ल्स एदुआर ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी काही तासांतच दगावले, आणि या ग्रंथींवाचून जगता येत नाही हे ठरले.

कुत्र्यांमध्ये हा आजार आपोआप होतो हे लक्षात यायला मात्र आणखी शतक जावे लागले. त्याआधी तो अपघाताने घडवला गेला होता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या संशोधकांनी १९४९ मध्ये डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी हे कीटकनाशक कुत्र्यांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींची साल झडून गेल्याचे दिसले. मग १९५३ मध्ये पशुविकृतिशास्त्रज्ञ विल्यम हॅडलो यांनी असे कोणतेही विष पोटात न गेलेल्या कुत्र्यांतली सुकलेली साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचे वर्णन छापले. हॅडलो यांची नजर विलक्षण होती. याच माणसाने १९५९ मध्ये मेंढ्यांचा स्क्रेपी आणि न्यू गिनीतल्या माणसांचा कुरू हे दोन मेंदूविकार सारखे दिसतात हे लक्षात आणून दिले आणि प्रायॉन या रोगकारक प्रथिनांच्या संशोधनाला वाट मिळाली.

ॲडिसन यांच्या हाती एक खूण होती, ती कुत्र्यांच्या डॉक्टरला सहसा मिळत नाही. माणसाची कातडी काळवंडते, कुत्र्यात तसा रंग चढल्याचे क्वचितच दिसते. उरतात ती लक्षणे सगळ्या आजारांत वाटून घेतलेली: मरगळ, भूक मंदावणे, उलट्या, जुलाब, वजन घटणे, थरथर, कधी जास्त तहान आणि जास्त लघवी. अमेरिकेत १९७९ ते १९९३ या काळात तपासलेल्या २२५ कुत्र्यांच्या नोंदींचा मोठा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हीच यादी आहे. यातले एकही लक्षण या आजाराचे खास म्हणता येणार नाही. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या पशुवैद्यकांनी त्याला बहुरूप्याच्या अर्थाचे टोपणनाव दिले.

महाराष्ट्रातल्या दवाखान्यात तर या बहुरूप्याला लपायला जागा जास्त. मलूल, फिकट, न जेवणारी कुत्री आली की डॉक्टरांच्या मनात आधी गोचीड ताप येतो, आणि तो येणे बरोबरच असते, कारण एर्लिकिया आणि बबेसिया इथे मुबलक. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची शंका येते. लहान पिल्लू असेल तर पार्व्हो. हे सगळे तपासून निकाल काहीच आला नाही, तरी तोवर सलाईनने कुत्री उठलेली असते आणि पुढची तपासणी राहून जाते.

आता सलाईनचे गूढ. अल्डोस्टेरॉन नसले की लघवीवाटे सोडियम वाहून जाते आणि त्याच्यामागे पाणीही जाते. रक्ताचे आकारमान आटते, रक्तदाब पडतो. दुसरीकडे पोटॅशियम रक्तात साठते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. शिरेतून ते गेले की जे कमी पडले होते नेमके तेच परत मिळते: पाणीही, सोडियमही. रक्त पातळ झाल्याने पोटॅशियम उतरते, मूत्रपिंडांकडे पुन्हा रक्त वाहू लागल्याने ते लघवीतूनही बाहेर पडते. सोबत ‘जरा ताकद यावी’ म्हणून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन दिलेले असेल तर नसलेल्या कॉर्टिसॉलची जागाही तात्पुरती भरते. म्हणजे नकळत या आजाराचा जवळपास पूर्ण उपचार झालेला असतो, फक्त दोन-चार दिवसांपुरता. त्या वेळी रक्त तपासायला घेतले तरी आकडे सावरलेले दिसू शकतात. म्हणूनच जाणकार डॉक्टर आग्रह धरतात की रक्ताचा नमुना सलाईन लावण्याआधी घ्यावा.

दुसरी फसगत मूत्रपिंडांच्या नावाने होते. रक्ताचे आकारमान घटले की मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळत नाही, ती काम मंदावतात आणि अहवालात युरिया, क्रिएटिनिन चढलेले येते. एरवी अशा वेळी लघवीची घनता मदतीला येते. मूत्रपिंडे शाबूत असतील आणि शरीरात फक्त पाणी कमी असेल, तर लघवी दाट असते. ॲडिसनमध्ये ही खूणही दगा देते, कारण सतत सोडियम गमावल्याने लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची यंत्रणाच तात्पुरती लंगडी पडते. चढलेले क्रिएटिनिन आणि पातळ लघवी, कागदावर चित्र हुबेहूब मूत्रपिंडे निकामी झाल्याचे. एखाद्या घरात ही बातमी म्हणजे निरोपाची तयारी असते. प्रत्यक्षात मूत्रपिंडे ठणठणीत असतात आणि योग्य उपचार सुरू झाले की काही दिवसांत आकडे खाली येतात. हा घोळ वेळीच उलगडणे म्हणजे जगू शकणारा जीव वाचवणे.

मग ओळखायचे कसे? खुणा आहेत, आणि त्यातल्या तीन अगदी साध्या तपासण्यांतून मिळतात.

पहिली खूण सोडियम आणि पोटॅशियम यांच्या प्रमाणात. निरोगी कुत्र्यात सोडियम पोटॅशियमच्या २७ ते ४० पट असते. हे प्रमाण २७ च्या खाली गेले की शंका घ्यावी, २० च्या आसपास किंवा त्याखाली आले तर ती शंका फार बळकट होते. तरीही केवळ या आकड्यावर निदान ठोकता येत नाही. मोठ्या आतड्यात चाबूककृमींचा बुजबुजाट झालेल्या कुत्र्यांतही प्रमाण असेच ढासळू शकते, आणि तिथे ॲड्रिनल ग्रंथी अगदी निरोगी असतात. शीची तपासणी आणि जंताचे औषध इतक्यावर ते प्रकरण मिटते.

दुसरी खूण पांढऱ्या पेशींत दडलेली असते आणि ती फार देखणी आहे. आजारी शरीर कॉर्टिसॉल सोडते आणि त्याच्या प्रभावाने रक्तातल्या लिम्फोसाइट व इओसिनोफिल या पेशी कमी होतात. म्हणजे खूप आजारी कुत्र्याच्या अहवालात या पेशी घटलेल्याच दिसायला हव्यात. पडून राहिलेल्या, थंडगार पडलेल्या कुत्रीच्या अहवालात त्या अगदी व्यवस्थित किंवा वाढलेल्या असतील, तर प्रश्न पडायला हवा: एवढ्या संकटात कॉर्टिसॉल गेले कुठे? साधा सीबीसीचा कागद हे सांगतो. पण तिथे कोणताही आकडा लाल खुणेने उठून दिसत नाही. सगळे ‘नॉर्मल’ असणे हीच तिथली गडबड.

तिसरी खूण हृदयाची. रक्तदाब पडलेल्या कुत्र्याचे हृदय सहसा धावते, मिनिटाला दीडशेच्या पुढे. पोटॅशियम चढले की हृदयाच्या स्नायूची विद्युत घडी विस्कटते आणि ठोके मंदावतात. कोसळलेली कुत्री आणि साठ-सत्तरचे ठोके ही जोडी दिसली की अनुभवी डॉक्टर हातातले काम टाकून पोटॅशियम तपासतात. ईसीजीत पी-लहर सपाट होते किंवा दिसेनाशी होते, टी-लहर टोकदार उंचावते. सोनोग्राफीत ग्रंथी बारीक, पातळ दिसल्या तर संशयाला आणखी आधार मिळतो.

काही कुत्र्यांत मात्र सोडियम-पोटॅशियम बिघडतच नाही. त्यांच्यात कॉर्टिसॉलचाच तुटवडा असतो. जुनाट जुलाब, घटते वजन, रक्तातले अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल कमी, अशी त्यांची तक्रार पोटाच्या आजारासारखी वर्षानुवर्षे रेंगाळते.

शेवटचा शब्द एसीटीएच चाचणीचा. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एसीटीएच नावाच्या संप्रेरकाने ॲड्रिनलला कॉर्टिसॉल सोडायचा हुकूम देते. चाचणीत तोच हुकूम इंजेक्शनने देतात. आधी रक्त घेतात, मग कृत्रिम एसीटीएच टोचतात आणि तासाभराने पुन्हा रक्त घेतात. निरोगी ग्रंथी कॉर्टिसॉल सरसर वाढवते. मेलेली ग्रंथी जागची हलत नाही, दुसऱ्या नमुन्यातही आकडा प्रति डेसिलिटर २ मायक्रोग्रॅमच्या खालीच राहतो. एवढी चाचणी लगेच शक्य नसेल तर नुसते एका नमुन्यातले कॉर्टिसॉल मोजूनही बरेच कळते. ते २ च्या वर असेल तर ॲडिसनची शक्यता जवळजवळ मिटते. खाली असेल तर मात्र पूर्ण चाचणी करावीच लागते, कारण काही निरोगी कुत्र्यांतही साधा आकडा कमी येतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर यंत्र त्याला कॉर्टिसॉलच समजते, म्हणून घरच्यांनी चालू औषधे न लपवता सांगायला हवीत.

हा आजार कोणत्याही कुत्र्याला होऊ शकतो, मिश्र जातीच्यालाही. तरुण ते मध्यम वयात तो जास्त दिसतो आणि एकंदरीत माद्यांचे प्रमाण नरांपेक्षा जास्त. पण काही जातींवर त्याची सावली गडद आहे: स्टँडर्ड पूडल, बिअर्डेड कॉली, नोव्हा स्कोशियाचा डक टोलिंग रिट्रीव्हर, ग्रेट डेन, वेस्ट हायलँड व्हाइट टेरिअर. स्वीडनच्या अभ्यासात सर्वाधिक धोका आढळलेल्या जातींत पोर्तुगीज वॉटर डॉग आहे. आणि या जातीची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

कुरळ्या केसांचा, पोहण्यात तरबेज असलेला हा कुत्रा शतकानुशतके पोर्तुगालच्या कोळ्यांचा सोबती. तो जाळी ओढायला मदत करी, होडीहोडीत निरोप नेई. मासेमारीची पद्धत बदलली आणि त्याचे काम संपले. १९३० च्या दशकात तो नाहीसा होण्याच्या बेतात असताना वास्को बेन्सॉदे या जहाजमालकाने काही कुत्रे मिळवून पैदास सुरू केली. त्यातला लेआव नावाचा नर या जातीच्या आजच्या रूपाचा मूळपुरुष ठरला. १९६८ नंतर अमेरिकेत डिएन मिलर यांनी हाच वारसा पुढे नेला. जात वाचली. बराक ओबामा यांच्या काळात ‘बो’ आणि ‘सनी’ या दोन पोर्तुगीज वॉटर डॉगनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर धावून ती जगभर ओळखीची केली. पण मूठभर कुत्र्यांपासून वाढवलेल्या कुळात त्यांचे दोषही घरोघर जातात. एरवी विरळ असलेली सदोष जनुके अशा वंशात पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात.

युटा विद्यापीठातले आनुवंशशास्त्रज्ञ गॉर्डन लार्क यांची जॉर्जी ही याच जातीची कुत्री. ती गेल्यावर त्यांनी तिच्या नावाने ‘जॉर्जी प्रोजेक्ट’ सुरू केला आणि शेकडो मालकांनी आपल्या कुत्र्यांचे रक्त, एक्स-रे आणि वंशावळी त्यात दिल्या. २००६ मध्ये लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या जातीतल्या ॲडिसनच्या आजाराशी कुत्र्याच्या १२ आणि ३७ क्रमांकाच्या गुणसूत्रांवरच्या दोन जागांचा संबंध आहे. तिथे प्रतिकारशक्तीला आपले-परके ओळखायला शिकवणारी आणि तिला आवर घालणारी जनुके आहेत. माणसातल्या अशाच आजारांतही तीच संशयित आहेत. कुत्र्याच्या पिल्लाचे नाक किती लांब, केस किती कुरळे हे बघून पैदास करणाऱ्यांनी आजाराची वंशावळही बघायला हवी, हा या संशोधनाचा थेट अर्थ.

या तुटवड्याचा एक प्रकार मात्र आनुवंशिक नाही, तो माणसाच्या हातून घडतो आणि आपल्याकडे त्याचा विचार जास्त व्हायला हवा. कुत्र्याला खाज सुटते, गोचीड-पिसवांनी किंवा ॲलर्जीने कातडी लाल होते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी खाज दोन दिवसांत थांबते. मग प्रत्येक खाजेला त्याच गोळ्या, जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणलेल्या, आठवड्यामागून आठवडे. बाहेरून भरपूर स्टेरॉइड येत असेल तर पियुषिका एसीटीएच पाठवणे थांबवते आणि कामाविना पडलेली ॲड्रिनलची साल सुकत जाते. अशा वेळी ‘आता बरी आहे’ म्हणून गोळ्या एका दिवसात बंद केल्या की शरीराजवळ स्वतःचे कॉर्टिसॉल नसते. कुत्री जेवण सोडते, ओकते, मलूल होते. म्हणून दीर्घ काळ चाललेली स्टेरॉइड डॉक्टर पायरी-पायरीने उतरवतात. कुशिंगच्या आजारात, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त झालेल्या उलट आजारात, ट्रायलोस्टेन किंवा मायटोटेन देतात. त्यांची मात्रा जास्त झाली तरी हीच पाळी येते. मायटोटेन हे १९४९ च्या त्या कीटकनाशकाच्या कुळातलेच औषध आहे.

कुत्री कोसळलेल्या अवस्थेत आली तर ती खरी आणीबाणी. तिथे आधी सलाईनच लागते आणि भरपूर लागते. पोटॅशियमने हृदय धोक्यात असेल तर ईसीजीवर नजर ठेवत शिरेतून हळूहळू कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण हृदयाला काही मिनिटांचे कवच मिळते. ग्लुकोज आणि इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतात. साखर पडलेली असेल तर ग्लुकोज असेही हवेच. डेक्सामेथासोन दिले तरी एसीटीएच चाचणीत ते कॉर्टिसॉल म्हणून मोजले जात नाही, म्हणून निदानाआधी त्यालाच पसंती. घाई एकाच बाबतीत घातक ठरते. फार दिवस खाली राहिलेले सोडियम झपाट्याने वर चढवले तर मेंदूतल्या चेतातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून ते दिवसाला लिटरमागे दहा-बारा मिलिमोलपेक्षा जास्त चढू देत नाहीत.

संकट टळल्यावर उरतो तो रोजचा उपचार, आणि इथे बातमी आनंदाची आहे. जे संप्रेरक शरीर बनवत नाही ते बाहेरून द्यायचे, एवढाच तो उपचार. पण एवढ्यावर पोचायला वैद्यकशास्त्राला बराच काळ झटावे लागले. १९३० च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये विल्बर स्विंगल आणि जोसेफ फिफनर यांनी ग्रंथी काढलेल्या प्राण्यांना गुरांच्या ॲड्रिनलचा अर्क टोचून जगवून दाखवले. एडवर्ड केंडॉल आणि ताडेउश राइखश्टाइन यांनी त्या अर्कातली संप्रेरके वेगळी केली. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी त्यांतले कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला दिले. या तिघांना १९५० चे नोबेल मिळाले. अल्डोस्टेरॉन हाती लागले ते त्यानंतर, १९५३ मध्ये.

या औषधांच्या बळावर जगलेला सर्वांत प्रसिद्ध रुग्ण अमेरिकेचा अध्यक्ष झाला. जॉन केनेडी १९४७ मध्ये लंडनमध्ये कोसळले आणि त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचे निदान झाले. पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या कातडीखाली अल्डोस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या डीऑक्सिकॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाच्या बारीक गोळ्या बसवल्या जात. १९५५ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ३७ वर्षांच्या एका अनाम रुग्णाची शस्त्रक्रिया छापून आली, ती त्यांचीच होती. तेच संप्रेरक, फक्त हळूहळू विरघळणाऱ्या रूपात, आज कुत्र्यांसाठी वापरले जाते. डीओसीपी नावाचे हे इंजेक्शन अमेरिकेत १९९८ मध्ये कुत्र्यांसाठी मंजूर झाले. साधारण दर पंचवीस दिवसांनी एक टोचणी आणि रोज अगदी थोडे प्रेडनिसोलोन, एवढ्यावर तिथल्या कुत्र्यांचे आयुष्य चालते.

भारतात सहसा वापरली जाते ती माणसांसाठी बनणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी. ती अल्डोस्टेरॉनचे काम करते. कुत्र्याला ती माणसापेक्षा बरीच जास्त लागते. वीस किलोच्या कुत्रीला दिवसाला ०.१ मिलिग्रॅमच्या चार गोळ्याही लागू शकतात, तेवढ्यात तिच्या घरातल्या मोठ्या माणसाचे दोन-चार दिवस निघाले असते. पहिल्या वर्ष-दीड वर्षात मात्रा वाढवावी लागण्याचा अनुभव सर्रास येतो. म्हणून सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासतात. खर्च आहे, शिस्त आहे, पण हाती येते ते पूर्ण आयुष्य. नीट उपचार मिळालेल्या बहुतेक कुत्र्या धावतात, पोहतात, म्हाताऱ्या होतात आणि शेवटी दुसऱ्याच एखाद्या कारणाने जातात.

फक्त एक गोष्ट त्यांच्या शरीराला कधीच जमत नाही: ऐनवेळी कॉर्टिसॉल वाढवणे. ते काम घरच्यांना करावे लागते. कुत्रीला दुखापत झाली, शस्त्रक्रिया ठरली, ताप आला किंवा मोठा ताण येणार असे माहीत असले की डॉक्टरांनी आधी ठरवून दिल्याप्रमाणे प्रेडनिसोलोनची मात्रा त्या दिवसांपुरती दुप्पट, कधी त्याहून जास्त करतात. महाराष्ट्रातल्या घरात असे दिवस कॅलेंडरवर आधीच दिसतात. गणपतीला गावी जाताना कुत्रीला पाळणाघरात ठेवायचे असेल तर तिच्याबरोबर गोळ्या, आजाराचे नाव लिहिलेला कागद आणि डॉक्टरांचा फोन नंबर जायला हवा. प्रेडनिसोलोन पोटातून परत आले, म्हणजे गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, हेही तिथल्या माणसाला सांगून ठेवायचे.

आणि ज्या घरात अजून निदान झालेले नाही, पण कुत्री दर दीड-दोन महिन्यांनी सलाईनवर जाते, तिथे एक साधी वही उपयोगी पडते. तारीख, त्या आठवड्यात घरात काय घडले, लक्षणे कोणती, सलाईननंतर किती वेळात बरी झाली. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिलेले तुकडे त्या वहीत एका ओळीत येतात. चौथ्या खेपेला ती वही टेबलावर उघडून एवढेच विचारता येते: सलाईन लावण्याआधी सोडियम, पोटॅशियम आणि कॉर्टिसॉलसाठी रक्त घ्याल का?

सुरुवातीच्या कुत्रीसारख्या कितीतरी कुत्र्यांचे निदान अशाच एखाद्या खेपेला होते. मग त्यांच्या घरात दिवाळीचा दिनक्रम बदलतो. वसुबारसेपासून वाढीव गोळी सुरू होते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला बार उडण्याआधी तिला फिरवून आणतात, खिडक्या लावून पंखा मोठा करतात, आणि चकलीचा तुकडा मागत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून राहते.